साडेसहा सूत

काँटेसा माझी. इंजिन निपाणीच्या लिलावातलं,
गिअरबॉक्स संकेश्वरजवळ उलटलेल्या एका जीपचा.
दोघांची गाठ घालायला बसलिंगनं
मधे लोखंडी प्लेट बसवली, चौदा बोल्ट,
आणि हात पुसत म्हणाला, आता बोलू देत आपापसांत.

राहिला क्लच.

वरचा सिलिंडर पाच सुताचा, पेडलमागं, ठरलेला.
खालचा निवडायचा होता.
कॅटलॉगात वरच्याला मालक म्हणतात, खालच्याला गुलाम.
उद्यमबागेत असलं कुणी म्हणत नाही.
बसलिंग म्हणतो मेलिंदु, केळगिंदु.
मन्सूर किल्लेदार म्हणतो वरचा, खालचा.
वजन खालचाच उचलतो
हे दोघांनाही कॅटलॉगाशिवाय ठाऊक आहे.

पुण्याच्या भाच्यानं फोटो धाडला:
गोल, चकचकीत, बेअरिंगसकट घंटेच्या आत बसणारा.
काटा नको, दांडी नको, आत्या, हल्ली हाच घालतात.
देखणा होता, खोटं कशाला बोलू.
पण आत गळायला लागला तर
अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवायचा,
तोही चोर्ल्याच्या वळणावर, मोबाईलला रेंज नसताना.
मी बत्तीस वर्षं हायड्रॉलिकच्या कारखान्यात
सिलिंडर तपासून शिक्का मारला आहे.
सील कधीतरी गळतंच.
जे गळणार आहे ते
दिसेल अशा जागी गळावं.

म्हणून बाहेरचा. दोन बोल्टांचा.
आता सूत किती?

सहा सुताचा दांडी ढकलतो चोवीस मिलिमीटर,
पण पेडल जड; माझा डावा गुडघा
केएलईत दोनदा उघडलेला.
सात सुताचा लोण्यासारखा हलका,
दांडी मात्र अठराच्या आत थांबते,
काट्याला हवेत वीस.
बसलिंग गाडीखालूनच बोलला,
"अक्का, लहान घातला तर पाय रडतोय,
मोठा घातला तर गिअर रडतोय.
कुणाला रडवायचं ते तुम्ही सांगा की."

दोन दिवस मी वहीत आकडे मांडत होते,
दुधाच्या हिशोबाच्या मागल्या पानावर.
पाच सुताचा वर्ग, भागिले कशाचा तरी वर्ग.
पायाचं सुख आणि दांडीची चाल
एकाच तेलातून येतात;
एकाला दिलं की दुसऱ्याचं जातं,
इकडं कुणाची शिफारस चालत नाही.

साडेसहा.
साडेसहाला वीस पूर्णांक सात येतात.

साडेसहा कुठंच मिळेना.
खानापूर रोडच्या दुकानदारानं तर
मी चपलेचा नंबर सांगितल्यासारखं पाहिलं.
शेवटी मन्सूरनं सहा सुताची बॉडी लेथवर धरली,
पहिला पास, दुसरा पास,
मग होनिंग, रॉकेलचा वास, आणि मधेच
बोट आत घालून डोळे मिटणं.
पिस्टन नवा ओढला.
सील त्याच्या वडिलांच्या खणात निघालं,
पावडर लावून ठेवलेलं,
कुठल्या बंद पडलेल्या टेंपोसाठी कुणास ठाऊक.
मी घेतलं, ताणलं, उजेडात धरलं,
सवयीनं शिक्क्यासाठी हात खिशात गेला.
नवं सील लागेल दिवाळीच्या आत, एवढं म्हटलं.

हवा काढायला बसलिंगचा पोरगा पेडलवर.
दाब. धर. सोड.
ओत्तु. हिडि. बिडु.
नळीतून आधी फेस, मग बुडबुडे,
मग एक लांब, स्वच्छ, गप्प धार.

दुसऱ्या गेटवर मिरजेकडची गाडी यायची होती.
मी मुद्दाम न्यूट्रल केला नाही.
पहिला टाकला, पेडल तळाशी, आणि बसले
तो लाल दांडा बघत.
चार मिनिटांनी गुडघ्यानं आठवण करून दिली.
सहाव्या मिनिटाला मांडी थरथरली.
गाडी जागची हलली नाही, सरकली नाही, कण्हली नाही.
शेजारी बसलिंगनं खिडकीत कोपर टेकवलं होतं
आणि तो माझ्या पायाकडं न बघायची
पराकाष्ठा करत होता.

गेट उघडलं.

रोज सकाळी अजून मी पुठ्ठा ओढून बघते,
गाडीखाली रात्रभर ठेवलेला.
आज एक ठिपका होता.
वास घेतला. इंजिनचं तेल.
ते वेगळं प्रकरण.